घाटाची उतरण आणि जुना बोल्ट

घाटाचा इतिहास लिहिणारे बहुधा चढणीचाच इतिहास लिहितात. सह्याद्रीच्या कड्यावर रस्ता कसा नेला, बोगदे किती खणले, लोखंडी रूळ किती उंच चढविले, याचीं वर्णनें मोठ्या अभिमानानें केलेलीं आढळतात. परंतु जो चढला तो उतरणार कसा, या प्रश्नास त्यांत फारशी जागा मिळत नाहीं. वस्तुतः चढण हा शक्तीचा प्रश्न आहे आणि उतरण हा विश्वासाचा. चढतांना सामर्थ्य कमी पडलें तर गाडी उभी राहते. उतरतांना आवर सुटला तर ती उभी राहत नाहीं, हेंच सारें संकट. कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या डोक्यावर बोरघाट उभा असल्यामुळें या दुसऱ्या प्रश्नाशीं तेथील वाहतुकीचा संबंध दोनशें वर्षांचा आहे. आणि आज तो प्रश्न मोटारसायकलच्या पुढच्या चाकापाशीं, करंगळीएवढ्या एका बोल्टाशीं येऊन ठेपला आहे. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, ज्या बोल्टांनीं गाडीस जखडलेला असतो ते एकदां काढल्यावर पुन्हां तेच बसवावे कीं नवे घालावे, हा तो प्रश्न होय.

हा विषय कारखान्यांतला आहे, वाङ्मयाच्या मासिकांत तो शोभत नाहीं, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस आम्ही कैकेयीची आठवण देतों. ऐन युद्धांत दशरथाच्या रथाच्या आंसाची खीळ निसटली व कैकेयीनें तेथें आपला हात घालून रथ सावरला, ही लोककथा आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक आहे. दोन वर, रामाचा वनवास, दशरथाचा पुत्रशोक, हें सारें या कथेप्रमाणें एका निखळलेल्या खिळीपासून निघालें. ज्या लोकांनीं आपल्या महाकाव्याच्या मुळाशीं आंसाची खीळ बसविली, त्यांस बोल्टाचा विचार परका वाटण्याचें कारण नाहीं.

बोरघाटानें माल पूर्वी बैलांच्या पाठीवरून उतरे. तांड्यांतील बैलास ब्रेक नको असतो. त्याचे चार पाय हेच त्याचे ब्रेक. १८०४ सालीं जनरल वेलस्ली यानें तोफा नेतां येतील इतपत हा घाट सुधारला, आणि सर जॉन माल्कम हा मुंबईचा गव्हर्नर असतां १८३० सालीं चाकाच्या गाड्यांस योग्य असा रस्ता तेथें खुला झाला. चाक आलें आणि त्याबरोबर उतरणीची धास्ती आली. बैलगाडीचा ब्रेक तो कोणता? बैलांचे खांदे, गाडीवानाचा आवाज, चाकास अडकविलेला दांडा आणि वेळप्रसंगीं चाकाखालीं सारलेला धोंडा. या साधनांत एक गुण होता: त्यांचा जीर्णपणा डोळ्यांस दिसे. दांडा झिजला तर तो झिजलेला दिसे, दोर कुजला तर त्याचे धागे सुटत. गाडीवानानें सकाळीं एकवार नजर फिरविली म्हणजे त्यास आपल्या साधनाची पारख होई. ही नजरेची पारख पुढें कशी अपुरी पडत गेली, हाच आमच्या निबंधाचा मुख्य विषय आहे.

आगगाडी घाटाच्या पायथ्याशीं आली ती १८५६ सालीं. त्या वर्षी पळसदरीपासून खोपोलीपर्यंतचा फांटा सुरू झाला. वरच्या अंगास खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ सालीं सुरू झाला. मधला घाट प्रवासी पालखींतून, तट्टावरून किंवा बैलगाडींतून ओलांडीत. घाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ सालींच हातीं घेतलें होतें. तें पुरें होऊन २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या हस्तें मार्ग खुला झाला. जेम्स बर्कले हा त्याचा मुख्य एंजिनिअर. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदारास येथें आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ सालीं, मृत्यु आला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तें कंत्राट पुढें चालविलें. कामाचा जोर होता तेव्हां चाळीस हजारांवर मजूर या डोंगरावर राबत होते. त्यांपैकीं किती जण पटकीनें व अपघातानें तेथेंच राहिले त्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर नाहींत. सुमारें सोळा मैलांत अठराशें एकतीस फूट चढावयाचें, सरासरीनें दर शेहेचाळीस फुटांस एक फूट व अत्यंत कठीण जागीं दर सदतीस फुटांस एक फूट: असा हा मार्ग होता. खंडाळ्याच्या खालीं डोंगराच्या एका सोंडेवर गाडीस वळावयास जागा नव्हती. म्हणून तेथें गाडी थांबवून एंजिन दुसऱ्या टोकास लावीत व तिची दिशा उलटी करून पुढें नेत. हेंच तें प्रसिद्ध उलट-फेऱ्याचें स्टेशन. १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर त्याची गरज संपली.

आतां उतरणाऱ्या गाडीच्या बाजूनें या स्टेशनाचा विचार करा. वरून येणारी गाडी येथें थांबलीच पाहिजे. न थांबली तर पुढें रूळ नाहीं, दरी आहे. त्या काळीं डब्यांचे ब्रेक हातानें आंवळावयाचे असत. एंजिनाची शिटी ऐकून गार्डानें व ब्रेकवाल्यांनीं चाकें फिरवावयाचीं, आणि सर्वांचे हात एकाच वेळीं, एकाच जोरानें चालले पाहिजेत. १८६९ सालीं एक उतरती गाडी आवरेनाशी झाली व या स्टेशनांत न थांबतां तशीच पुढें सुटली. त्या अपघाताचें चित्र विलायतेच्या सचित्र पत्रांतही आलें. त्याच्या दोन वर्षें आधीं, १८६७ सालीं, याच घाटांतील एक मोठा दगडी पूल ढासळला होता. त्याचें बांधकाम आंतून कच्चें होतें, बाहेरून मात्र तो धडधाकट दिसे. या दोन प्रसंगांत घाटाची सगळी शिकवण सांठलेली आहे असें आम्हांस वाटतें. वस्तु बाहेरून जशी दिसते तशी आंत नसते, हा पहिला धडा. आणि माणसाचे हात वेळेवर चालतीलच असें नाहीं, हा दुसरा.

या दुसऱ्या धड्याचें उत्तर अमेरिकेंत शोधलें गेलें. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यानें दाबलेल्या हवेच्या ब्रेकचा हक्क १८६९ सालींच मिळविला. पण त्या पहिल्या ब्रेकमध्यें एक मोठें वैगुण्य होतें: नळी फुटली कीं ब्रेक नाहींसा होई. १८७२ च्या सुमारास त्यानें ही रचना उलटी केली. नळींत हवा भरलेली असेल तोंवर ब्रेक सुटलेला, आणि हवा निघून गेली कीं ब्रेक आपोआप लागलेला. हिंदुस्थानांतील रेल्वेंत दीर्घकाळ चाललेला निर्वात ब्रेकही याच तत्त्वाचा, आणि आज त्याची जागा घेतलेला हवेचा ब्रेकही याच तत्त्वाचा. साधन बिघडलें तर त्यानें प्रवाशास मारूं नये, थांबवावें, ही त्यामागची कल्पना. बोरघाटांतील अडकाव-मार्गांतही तीच कल्पना दिसते. मंकी हिल व ठाकूरवाडी येथें उतरत्या गाडीसाठीं सांधे नेहमीं डोंगराच्या चढाकडे जाणाऱ्या एका आडमार्गास जोडलेले असतात. गाडीनें अगोदर थांबून आपण ताब्यांत आहों हें सिद्ध केल्यावांचून तिला खालची वाट मिळत नाहीं. सुटलेली गाडी आपोआप आडमार्गास लागते व चढावर तिचा वेग मरतो. मुंबईहून जाणारा प्रवासी कर्जतास बटाटेवडा खात असतां मागें ढकलणारीं एंजिनें जोडलीं जातात, तीं त्यास दिसतात. पुण्याहून येतांना लोणावळ्यास गाडीच्या ब्रेकची परीक्षा होते, ती मात्र क्वचित् कोणाच्या ध्यानांत येते. कालची गाडी सुखरूप उतरली म्हणून आजच्या गाडीस परीक्षेची सूट मिळत नाहीं, हें त्यांतील मर्म आहे.

कर्जत तालुक्यांतच नेरळ आहे, आणि तेथून माथेरानला जाणारी लहान गाडी. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशानें व अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीनें १९०७ सालीं ती सुरू झाली. दोन फूट रुंदीचा मार्ग, सुमारें एकवीस किलोमीटरांचें अंतर, आणि ठिकठिकाणीं वीस फुटांस एक फूट असा उतार. बोरघाटानें हातब्रेक सोडून दिल्यावरही या गाडीनें तो शंभर वर्षांहून अधिक काळ पाळला. डब्याडब्यांमध्यें ब्रेकवाले बसत व एंजिनाच्या शिटीवर लोखंडी चाकें फिरवीत. त्यांच्या कौशल्याविषयीं आम्हांस मोठा आदर आहे. कान, मनगट व वळणांचें ज्ञान यांचा इतका मेळ क्वचित् पाहावयास मिळतो. परंतु मे २०१६ मध्यें थोड्याच दिवसांच्या अंतरानें गाडी दोनदां रुळांवरून घसरली. वाहतूक बंद ठेवण्यांत आली, डब्यांस हवेचे ब्रेक बसविण्यांत आले, आणि २०१७ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्यानें गाडी पुन्हां धावूं लागली. नजर व मनगट यांवरचा भरंवसा कमी करून तो रचनेवर व परीक्षेवर ठेवावयाचा, ही बोरघाटांत झालेली घडामोड माथेरानांतही झाली. एवढेंच कीं तिला दीडशें वर्षें उशीर लागला.

आतां रस्त्याकडे वळूं. २००२ सालीं पूर्ण झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर दुचाकीस मज्जाव आहे. त्यामुळें मोटारसायकल आजही मुख्यतः जुन्याच मार्गानें, शिंग्रोबाच्या देवळावरून खोपोलीस उतरते. घाटाची वाट ज्या धनगरानें दाखविली व दंतकथेप्रमाणें ज्यास त्यापायीं प्राणांस मुकावें लागलें, तो हा शिंग्रोबा. जाणारे-येणारे तेथें नाणें टाकतात. या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. उतरण धोक्याची आहे याची कबुली त्या नाण्यांत आहे. मात्र ही कबुली चाकापाशींही द्यावयास हवी.

किती भार चाकावर पडतो याचा एक साधा हिशेब करूं. गाडी व तिच्यावरचे दोन जण मिळून तीनशें किलो धरले, आणि खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंतची उतरण सुमारें पांचशें मीटर उंचीची धरली, तर या पडण्यांत जी शक्ति मोकळी होते तिच्यानें पांच लिटर पाण्यास उकळी फुटेल. खोपोलीच्या टाटा वीजगृहांत १९१५ सालापासून याच डोंगरावरून पडणाऱ्या पाण्याची शक्ति दिव्यांच्या व यंत्रांच्या कामीं येत आहे. मोटारसायकल मात्र ती सारी उष्णतेच्या रूपानें उधळते. कांहीं भाग वारा घेतो, कांहीं एंजिन. बाकीचा ब्रेकच्या चकतीनें व चिमट्यानें सोसावयाचा. जे लोक पेट्रोल वांचविण्याकरितां गाडी गिअरमधून काढून घाट उतरतात, ते एंजिनाचा वांटाही ब्रेकच्याच माथीं मारतात. चढतांना जो गिअर लागला त्याच गिअरमध्यें उतरावें हा जुन्या चालकांचा नियम यासाठींच आहे.

चकतीचा ब्रेक ही कल्पना नवी नव्हे. फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालींच तिचा हक्क मिळविला होता. होंडा कंपनीनें १९६९ सालीं आपल्या मोठ्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकास ती दिल्यापासून दुचाकींत तिचा विशेष प्रसार झाला. आपल्याकडे १९९९ सालच्या हिरो होंडा सीबीझेडसारख्या गाड्यांनीं ती तरुणांच्या परिचयाची केली. आणि एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सव्वाशें सी. सी. वरील नव्या गाड्यांस चाक जखडूं न देणारी योजना सक्तीची झाली. परंतु ही सर्व विद्या शेवटीं कशावर टेकलेली असते? चाक फिरत असतां चकतीस चिमटा धरतो, तेव्हां चकती त्यास आपल्याबरोबर ओढून नेऊं पाहते. त्यास जागच्या जागीं ठेवतात ते सामान्यतः दोन बोल्ट. चकतीची त्रिज्या चाकाच्या त्रिज्येच्या निम्म्याहून लहान असते. म्हणून जमिनीपाशीं जेवढा रोध होतो त्याच्या दुपटीहून अधिक ओढ या चिमट्यावर येते.

बोल्ट हें काम कसें करतो याविषयीं एक गैरसमज रूढ आहे. तो खुंटीसारखा आडवा राहून भार अडवितो, म्हणून जाड असला कीं पुरे, असें लोक समजतात. खरें पाहतां बोल्ट हा अत्यंत ताठ असा एक कमाना आहे. पान्यानें तो पिळला म्हणजे केंसभर लांबतो, आणि पुन्हां आंखडण्याच्या त्याच्या ओढीनें दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. त्या दाबामुळें होणारें घर्षण चिमट्यास धरून ठेवतें. मर्यादेंत ताणला तर तो सोडल्यावर मूळ लांबीवर येतो. मर्यादेबाहेर ताणला तर कायमचा लांबतो व त्याची ओढ मंदावते. आणखी असें कीं, पान्यास दिलेल्या पिळापैकीं सुमारें नऊ-दशांश भाग आट्यांच्या व डोक्याच्या घर्षणांतच खर्च होतो. प्रत्यक्ष ताणास एक-दशांश उरतो. म्हणून आट्यांस गंज असला तर पाना पुरा पिळूनही बोल्ट ढिला राहतो, आणि तेल असलें तर तेवढ्याच पिळानें तो मर्यादेबाहेर ताणला जातो. मोजणीचा पाना वापरला तरी आटे स्वच्छ नसतील तर त्याचा आंकडा फसवा ठरतो.

जोसेफ व्हिट्‌वर्थ यानें १८४१ सालीं आट्यांचें एक ठराविक माप सुचविलें, त्यामुळें एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटास बसूं लागला. ही मोठीच सोय झाली. परंतु बसणें निराळें व धरणें निराळें, हा भेद तेव्हांपासून सामान्य माणसास दिसेनासा झाला. पुढें आउगुस्ट व्होलर यानें रेल्वेच्या आंसांवर १८७० पर्यंत जे प्रयोग केले त्यांतून दिसून आलें कीं, एका झटक्यांत जो भार लोखंड सहज पेलतें तोच भार लाखों वेळां येत-जात राहिला तर तें कोणतीही पूर्वसूचना न देतां तुटतें. लोखंड थकतें, आणि तो थकवा वरून दिसत नाहीं.

या ज्ञानाच्या प्रकाशांत मूळ प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर असें द्यावें लागेल. सरसकट सर्व बोल्ट फेंकून द्यावे असें कोणी शहाणा सांगणार नाहीं. कित्येक गाड्यांच्या पुस्तकांत चिमट्याचे बोल्ट, आटे साफ करून व ठरलेल्या पिळानें आंवळून, पुन्हां वापरण्यास मुभा असते. कित्येकांत ते दर वेळीं नवेच घालावे असें स्पष्ट लिहिलेलें असतें, विशेषतः ज्यांच्या आट्यांवर न ढिलावण्यासाठीं कारखान्यांतच लेप दिलेला असतो अशांविषयीं. तो लेप एकदां कामीं आला कीं संपला. ब्रेकच्या नळीच्या तोंडाशीं असणारे तांब्याचे वा अ‍ॅल्युमिनमचे वायसर एकदां दबून आकार घेतात. ते दर खेपेस नवेच हवेत. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आंकडे असतात. पहिला आंकडा बळाचा, दुसरा त्या बळाच्या किती हिश्श्यावर लोखंड कायमचें लांबूं लागतें याचा. कर्जत-खालापुराच्या पावसांत लोखंड लवकर गंजतें, म्हणून पुष्कळ जण गंजलेला बोल्ट काढून तेथें चकचकीत, न गंजणाऱ्या पोलादाचा घालतात. परंतु त्या जातीचा नेहमींचा बोल्ट ८.८ पेक्षां बळानें कमीच असतो. जो चकाकतो तोच दुबळा!

मग जुनाच बोल्ट पुन्हां बसविण्याची संवय इतकी दृढ कां? तिला आळस म्हणणें अन्यायाचें होईल. आपल्या घरांत धोतराचें पंचें होतें, पंच्याचें पोतेरें होतें. दोरीचा तुकडासुद्धां गुंडाळून ठेवला जातो. जुनें तें सोनें ही म्हण त्या संसारांतून निघाली, आणि त्या काटकसरीनें कित्येक पिढ्या जगविल्या. गरीब गिऱ्हाइकाचे चार पैसे वांचावे या सद्बुद्धीनेंच रस्त्यावरचा कारागीर जुना बोल्ट पुसून परत लावतो. परंतु ही काटकसर ज्या वस्तूंवर वाढली त्या सर्व आपलें दुखणें बोलून दाखविणाऱ्या होत्या. धोतर विरतें तें दिसतें. दोर कुजतो तो दिसतो. मोटारसायकलींतही साखळी वाजते, ब्रेकचे पॅड कुरकुरतात. अशा वस्तूंचा शेवटपर्यंत उपयोग करणें हें शहाणपण आहे. बोल्ट मात्र मुका आहे. तो शेवटच्या क्षणापर्यंत चांगला दिसतो, आणि त्यानंतर तो नसतो. जी वस्तु बोलते तिच्या बाबतींत नजरेवर विसंबावें. जी बोलत नाहीं तिच्या बाबतींत नियमावर विसंबावें. घाटाच्या दोनशें वर्षांच्या इतिहासावरून आम्हांस निघालेलें अनुमान एवढेंच आहे.

नियमाचें दुर्दैव असें कीं तो पाळला असतां कांहींच घडत नाहीं. लोणावळ्याच्या ब्रेकपरीक्षेनें किती गाड्या वांचल्या याची गणना करतां येत नाहीं, कारण त्या सर्व वेळेवर कर्जतास पोंचल्या. नवा बोल्ट घातल्यामुळें जो अपघात टळला त्याची वार्ता छापली जात नाहीं. जुना बोल्ट शंभर वेळां टिकला याची मात्र प्रत्येक जण ग्वाही देतो. म्हणून अनुभव या शब्दाचा अर्थ येथें जपून करावयास हवा. एका माणसाचा अनुभव म्हणजे त्याच्यावर अद्याप न ओढवलेल्या प्रसंगांची यादी असूं शकते; पुस्तकांतील एका ओळीचा नियम हा मात्र पुष्कळदां, ज्यांच्यावर प्रसंग ओढवला अशा अनेकांचा अनुभव असतो. त्यांचीं नांवें आपणांस माहीत नसतात. बोरघाटांत राबून तेथेंच राहिलेल्या मजुरांचीं तरी कोठें माहीत आहेत? त्यांनीं केलेली वाट आपण रोज वापरतों. तसाच त्या दुसऱ्यांनीं मागें ठेवलेला नियमही वापरावा, हें उचित होय.